माया सिस्टरचं इंग्रजी

नागपूर देशाच्या मधोमध येतं, त्यामुळे वरून जाणाऱ्या विमानात कुणाच्या छातीत कळ आली की ते विमान पुष्कळदा नागपुरात उतरतं. वर्धा रोडवरच्या एका खासगी हॉस्पिटलात असे पेशंट अधूनमधून यायचे. ते येणार असल्याचा फोन आला की आयसीयूतली नर्स माया गजभिये धास्तावायची. पेशंटची तिला भीती नव्हती. बंद पडत आलेली हृदयं तिनं पुष्कळ पाहिली होती. भीती होती ती सोबत आलेल्या माणसांची. ती माणसं इंग्रजीत विचारायची आणि उत्तरासाठी तोंडाकडे बघत उभी राहायची.

मायाला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. नंदनवनच्या मराठी शाळेत शिकलेली ही मुलगी, पण नर्सिंगची जाडजाड इंग्रजी पुस्तकं तिनं घोकून काढली होती. रिपोर्ट वाचायची, केसपेपरवर झरझर लिहायची, राउंडच्या वेळी डॉक्टरांना दोन-दोन शब्दांत नेमकं सांगायची. पण समोरच्या माणसाशी अख्खं वाक्य बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. न कळलेल्या प्रश्नालाही ती मान हलवून "ओके, ओके" म्हणायची आणि तिथून निघून जायची. असं तिचं इंग्रजी मधल्या पायरीवर वर्षानुवर्षं बसून होतं. वयाची चाळिशी उलटली तरी ते हललं नाही, आणि त्यावाचून अडलंही नाही. मग एका ऑस्ट्रेलियन बाईचा नवरा आला.

सकाळची वेळ होती. विमानातच हार्ट अटॅक आलेल्या म्हाताऱ्याला आयसीयूत आणलं आणि तिथून लगेच अँजिओप्लास्टीसाठी खालच्या मजल्यावर नेलं. त्याची बायको तेवढ्यात कागदपत्रांसाठी काउंटरवर गेली होती. परत आली तर नवऱ्याचा पलंग रिकामा, आणि एक मावशी त्यावरची चादर काढत होती. बाई दारातच थिजली. समोर माया दिसली. "व्हेअर इज ही?" तिनं विचारलं.

तो आता आयसीयूत नाही, खाली नेलाय, असं मायाला सांगायचं होतं. वाक्य मराठीत तयार होतं. ती एकेक शब्द उचलून इंग्रजीत ठेवू लागली. "मॅडम, ही इज नो मोर..." म्हणाली आणि पुढचा शब्द सापडेना म्हणून थांबली.

तिला 'इन आयसीयू' एवढंच म्हणायचं होतं. बाईनं मात्र 'तो गेला' असं ऐकलं आणि ती उभ्या जागी कोसळली. कपाळ खुर्चीच्या लोखंडी पायावर आपटलं आणि पांढऱ्या केसांतून रक्ताची धार लागली.

म्हातारा वाचला. आठवडाभरानं दोघं नवरा-बायको आपल्या देशात परतले. बायकोच्या कपाळावर टाके होते आणि तिनं जाताना तक्रारही केली नाही. पण हॉस्पिटलनं चौकशी केली. मेडिकल सुपरिंटेंडंट माणूस वाईट नव्हता, आवाजही चढवला नाही त्यांनी. "सिस्टर, काम तुमचं एक नंबर आहे. पण मी रिस्क नाही घेऊ शकत," एवढंच म्हणाले. परदेशी पेशंटच्या नातेवाइकांशी यापुढे फक्त डॉक्टर किंवा जनसंपर्क अधिकारी बोलतील, असा आदेश निघाला. आयसीयूची इन्चार्ज म्हणून मायाचं नाव जवळपास ठरलं होतं, ते मागे पडलं. तिची बदली खाली कॅज्युअल्टीत झाली.

तिनं घरी कुणालाच काही सांगितलं नाही. पण ती पोळ्या करता करता मधेच थांबायला लागली, तवा जळायला लागला, तेव्हा नवऱ्यानं, प्रेमानंदनं, विचारलंच. वीज खात्यात लाइनमन असलेला हा माणूस कमी बोलायचा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग शीक ना. लाजून काहून राहिली?"

"या वयात?"

"मी काय म्हटलं, लग्न कर म्हटलं का दुसरं?"

ती हसली नाही. पण त्याच महिन्यात प्रताप नगरमध्ये वंदना टीचरांच्या संध्याकाळच्या बॅचला जाऊन बसली.

वंदना टीचर निवृत्त शिक्षिका. आपल्या घराच्या पुढच्या खोलीत मोठ्या माणसांना शिकवायच्या. दुकानदार, एक रिटायर्ड कारकून, परदेशी सून आलेली एक आजी, असे सात-आठ जण. पहिल्या दिवशी त्यांनी मायाला व्याकरणाचा पेपर दिला, तो तिनं जवळपास बिनचूक सोडवला. मग त्या म्हणाल्या, "आता मला सांग, सकाळपासून काय काय केलं?" माया चार वाक्यांत घामाघूम झाली.

टीचरांनी पुस्तक मिटलं. "तू आधी मराठीत पूर्ण वाक्य बनवते. मग एकेक शब्द उचलून इकडे आणते. मधे जो वेळ जातो ना, तिथं ऐकणारा आपल्या मनानं वाक्य पुरं करतो."

मायानं खाली पाहिलं. तिच्याबाबतीत नेमकं तेच झालं होतं, आणि टीचरांना ती गोष्ट ठाऊकही नव्हती.

"आणि दुसरं," टीचर म्हणाल्या, "मघाशी मी तुला एक प्रश्न विचारला, तो तुला कळला नाही. तरी तू यस म्हणाली."

"हो."

"हे सोडावं लागेल. बाकी चुका चालतील. क्रियापद चुकलं, चालेल. हे नाही चालायचं."

सुरुवातीचे महिने माया हुरूपानं जायची. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगायचं, मोठं वाक्य तोडून तीन लहान करायची, समोरच्यानं सांगितलेलं त्याला परत म्हणून दाखवायचं, हे टीचर पुन्हा पुन्हा करून घ्यायच्या. ड्युटीवर जाताना माया कानात इंग्रजी बातम्या लावायची. घरी अकरावीतली लेक दीक्षा होती, इंग्रजी शाळेत शिकलेली. संध्याकाळचा अर्धा तास दोघींनी इंग्रजीतच बोलायचं असं ठरलं. दीक्षाचा धीर आठ दिवसांत सुटला.

"आई, तू इतकी थांबते की मी काय विचारलं होतं तेच विसरून जाते मी."

"मग फिरून विचार."

"कितीदा वं?"

एकदा शाळेतल्या कार्यक्रमात मायानं दीक्षाच्या मॅडमशी इंग्रजीत बोलायचा प्रयत्न केला. मॅडम भराभर बोलल्या, मायाला निम्मं कळलं, आणि जुन्या सवयीनं तोंडातून "ओके, ओके" निघून गेलं. दीक्षा शेजारी उभी होती. पोरगी आईला मागं टाकून स्कूटीकडे निघाली. त्या दिवशी मायाला वाटलं, झालं, आपल्याच्यानं होत नाही. इतके महिने घासून आपण तिथंच आहोत. पुढचे दोन आठवडे ती क्लासला गेली नाही. टीचरांनी फोन केला तर ड्युटीचं कारण सांगितलं.

"बरं," टीचर म्हणाल्या. "ये कधी यायचं तर. तुझी खुर्ची मी उचलत नाही." आणि फोन ठेवला.

माया परत गेली. हुरूप राहिला नव्हता, पण जात राहिली.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी कॅज्युअल्टीत निरोप आला, की आखाती देशातून व्हिएतनामला जाणारं विमान उतरतंय, पेशंट साठ वर्षांचा पुरुष, एकटाच आहे. ॲम्ब्युलन्स आली. माणसाचं तोंड वाकडं झालेलं, उजवा हात निर्जीव, बोलता येत नव्हतं. पासपोर्टवर नाव तुआन. ड्युटीवरचे डॉक्टर साहिल ठवरे यांनी लगेच स्कॅन करून घेतला. मेंदूत रक्तस्राव नव्हता. रक्ताची गाठ अडकली होती, आणि ती विरघळवणारं इंजेक्शन जितकं लवकर द्यावं तितका मेंदू वाचणार होता. अडचण एकच होती. हा माणूस आधीपासून रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर त्याच इंजेक्शननं मेंदूत रक्त फुटून तो टेबलावरच जायचा. आणि तो कोणती औषधं घेतो हे सांगणारं जवळ कुणी नव्हतं. सामान विमानातच राहिलं होतं.

इंजेक्शन भरून तयार होतं. एवढ्यात पेशंटला उलटी झाली, श्वासात घरघर सुरू झाली. साहिल आणि दुसरी सिस्टर त्याला कुशीवर वळवून घशातली उलटी मशीननं ओढून काढू लागले. त्याच वेळी टेबलावरचा फोन वाजला. विमान कंपनीनं हनोईहून पेशंटची बायको जोडून दिली होती.

"सिस्टर, घ्या," साहिल मान न वळवता म्हणाला.

माया जागची हलली नाही. "सर, मले परवानगी नाही. पीआरओ सर..."

"पीआरओ एअरपोर्टवर आहेत. मी हात सोडला तर हा गुदमरेल. ब्लड थिनर घेतो का, आणि शेवटचं कधी घेतलं, एवढंच विचारा."

मायानं फोन उचलला. पलीकडून एक बाई रडत, भरभर बोलत होती. इंग्रजीच होतं, पण शब्दांची शेपटं तुटलेली. 'हजबंड' आणि 'एअरप्लेन' सोडून काही हाती लागेना. मायाच्या कानशिलावरून घाम उतरला. क्षणभर वाटलं, ठेवून द्यावा.

"मॅडम," ती म्हणाली. "युवर हजबंड इज अलाइव्ह."

पलीकडचं रडणं थांबलं.

"आय आस्क. यू आन्सर. स्लोली. व्हॉट इज युवर नेम?"

"लान."

"लान, ही टेक्स ब्लड थिनर?"

लानला तो शब्दच कळला नाही. मायानं दुसऱ्या बाजूनं विचारलं, हृदयाचा काही त्रास? "हार्ट, यस," लान म्हणाली, आणि पुढं काहीतरी समजावू लागली, ठोका सारखा नाही, असं काहीसं. मायानं बोटानं टेबलावर वाजवून दाखवलं, टक टक, मग थांबून, टकटकटक. लान ओरडलीच, "यस, यस!"

म्हणजे ठोके अनियमित होते. अशा माणसाला बहुधा गोळी चालू असतेच. "टॅब्लेट फॉर धिस? ही टेक?"

"बिफोर, ही टेक," लान म्हणाली, आणि मग एकच शब्द बोलली. मायाला तो 'नो' ऐकू आला. की 'नाऊ' होता? आधी घ्यायचा, आता नाही? की आधीही घ्यायचा, आताही घेतो?

"काय म्हणते?" साहिलनं विचारलं. "घेतो की नाही, सिस्टर? वेळ चालला."

जिभेवर 'ओके' आलं होतं. तिनं ते गिळलं.

"लान, आय डिड नॉट अंडरस्टँड. से अगेन."

लान पुन्हा बोलली. तसाच आवाज, नो किंवा नाऊ.

"सिस्टर."

"एक मिनिट, सर. मले नक्की नाही समजलं," माया म्हणाली. असं सगळ्यांसमोर मोठ्यानं ती पहिल्यांदाच म्हणत होती. मग फोनमध्ये म्हणाली, "लान, नेम ऑफ टॅब्लेट. स्पेलिंग. वन लेटर, वन लेटर."

लाननं अक्षरं सांगायला घेतली. ए. मग बी की पी?

"पी फॉर पेशंट?"

"पी. यस."

आय. एक्स. पाचवं अक्षर येईपर्यंत थांबायची गरज मायाला राहिली नाही. "अपिक्साबॅन?" तिनं विचारलं. रक्त पातळ करणारी हीच ती गोळी.

"यस! अपिक्साबॅन!"

"टुडे? धिस मॉर्निंग?"

"एव्हरी मॉर्निंग. आय व्हिडिओ कॉल. ही टेक, आय सी. टुडे, आय सी."

मायानं ते तिला परत म्हणून दाखवलं. आज सकाळी, त्यानं गोळी घेतली, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं, बरोबर? लान बरोबर म्हणाली. मग माया वळली. "सर, अपिक्साबॅन चालू आहे. आज सकाळीच घेतली. बायकोनं पाहिली घेताना."

साहिलनं इंजेक्शनच्या ट्रेकडे पाहिलं आणि मावशीला सांगितलं, "ते बाजूला ठेवा." मग त्यानं वरच्या मजल्यावर फोन लावला. आता एकच रस्ता उरला होता, मांडीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गाठ बाहेर ओढायची. स्ट्रेचर लिफ्टकडे धावलं. माया अजून फोन धरून होती. पलीकडून लान विचारत होती, "व्हॉट हॅपन? व्हॉट हॅपन?"

"दे टेक हिम फॉर ऑपरेशन," माया म्हणाली. "ही इज अलाइव्ह. ऑपरेशन नाऊ. आय कॉल यू आफ्टर. प्रॉमिस."

तासाभरानं तिनं खरंच फोन केला. गाठ निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सुपरिंटेंडंटनी बोलावलं. आदेश मोडल्याबद्दल बोलणी खावी लागणार अशा तयारीनं ती गेली. त्यांनी साहिलनं लिहिलेला रिपोर्ट वाचला होता. इन्चार्जच्या जागेवर आता दुसरी सिस्टर आली होती, ती हलवता येणार नव्हती, ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण आयसीयूत परत यायचं असेल तर या, म्हणाले. आणि त्या आदेशात सिनियर नर्सेसचाही समावेश करतो, असंही म्हणाले.

"येईन सर," माया म्हणाली. "पण मले फोनवरचं अजून नीट समजत नाही. सगळ्यांलेच शिकवायची सोय केली तर बरं होईल."

ते विचार करतो म्हणाले. अजून काही केलेलं नाही.

लान आठवडाभरात नागपूरला पोचली. ठेंगणी, केस घट्ट बांधलेली बाई. तुआनचा उजवा हात अजून उचलत नव्हता, शब्दही अर्धेमुर्धे यायचे. लान त्याला डाव्या हातानं जेवायला शिकवत होती. माया ड्युटी संपली की त्याच्या वॉर्डात चक्कर टाकायची, आणि दोघी आपापल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत बसायच्या. तिथं एकदा दीक्षाही आली होती. दारात उभी राहून बराच वेळ ऐकत होती. आईच्या एकाही वाक्याला तिनं दुरुस्ती सुचवली नाही.

त्या संध्याकाळी लाननं मायाचा हात धरला आणि नवऱ्याच्या बोटांकडे दाखवून काहीतरी विचारलं. मायाला पहिल्यांदा कळलं नाही. तिनं पुन्हा विचारायला लावलं. चमचा कधी धरेल तो, असं ती विचारत होती.

"आय डोन्ट नो," माया म्हणाली. "डॉक्टर नोज. कम, वी आस्क."

आणि दोघी उठून डॉक्टरांच्या खोलीकडे निघाल्या.