देवळाला वळसा

धरणाच्या पाण्यावर होडी चालवणारे मामा बुडालेल्या आपल्या गावाबद्दल कधी ‘होतं’ म्हणत नसत. मी नर्स; बाळंतपणं करायला मला पलीकडच्या वाड्यांवर नेताना ते वल्हं मारत सांगत, “ही चावडी. हितनं कुंभारआळी लागती. जरा चढ हाय.” होडीला कसला आलाय चढ? पण ऐकून ऐकून मलाही खाली सारवलेली अंगणं दिसू लागली.

देवळावरून मात्र ते होडी नेत नसत. लांबचा वळसा घेत.

एकदा पलीकडे एक पोर सकाळपासून अडली होती. मी म्हटलं, “मामा, आज सरळ घ्या.”

“देवाच्या डोस्क्यावरनं?”

“पाणीच आहे ते.”

“तुमाला नुसतं पानी दिसतंय व्हय, बाई?”

मामांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं, पाण्याकडे वाकून म्हणाले, “पोर अडलीया, देवा. वाईच जाऊ दे.” आणि होडी सरळ घातली.

आम्ही वेळेत पोचलो, पोर सुखरूप सुटली. पण त्या हिरव्या पाण्यावरून जाताना, तळ दिसत नसूनही, कळसाला लागतील म्हणून मी पाय वर घेतले होते.