बाबांनी सांगितलेली भट्टी

काचेचे दागिने घरीच वितळवून करायचे, असं डोक्यात घेतलं तेव्हा माझी गाडी दोन छोट्या विजेच्या भट्ट्यांवर अडली होती. एक विटांची, जड, सावकाश तापणारी. दुसरी आतून कापसासारख्या पांढऱ्या अस्तराची, हलकी, झटकन तापून झटकन निवणारी. कुडवा गावातल्या आमच्या दोन खोल्यांत हलकीच बरी, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तरी बाबांना मोबाइलवर दोन्हींचे फोटो दाखवले. विचारल्याचं समाधान त्यांना मिळावं, एवढ्यापुरतंच.

बाबांची सगळी नोकरी राइस मिलच्या बॉयलरवर गेली. काम सुटल्यापासून ते माझ्याकडेच होते आणि कित्येक दिवसांत त्यांना कुणी कामाचं काही विचारलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, सरसावून बसले, हलक्या भट्टीचा फोटो मोठा करून पाहिला.

"निवते कितीक वेळानं हे?"

"दोन तासांत. म्हणून तं चांगली आहे, बाबा. दिवसातून दोनदा लावता येते."

"विटेची घे, बाई. तापवाचं का, कोनीबी तापवते. पन निवताना..."

"बाबा, हे काही तुमची राइस मिल नाही होय!"

ते हसले आणि मोबाइल परत दिला. पुढचं वाक्य मी त्यांना बोलूच दिलं नाही.

हलकी भट्टी आली. पेंडंट चकचकीत निघायची आणि सकाळी पाहावं तर मधोमध केसासारखी चीर. आमगावच्या एका नवरीचे झुमके तर लग्नाच्या आदल्या दिवशी तडकले. बाबा विचारायचे, "कसं चालून राह्यलं?" मी म्हणायची, "एकदम मस्त." तुकडे त्यांना दिसू नयेत म्हणून कागदात गुंडाळून बाहेर टाकायची. असं वर्षभर. त्यांना विचारलं असतं तर एका मिनिटात उलगडा झाला असता, पण मग चूक कबूल करावी लागली असती. बापापुढे हरायला मला कसली लाज वाटत होती, देव जाणे.

मग गेल्या हिवाळ्यात बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

त्यानंतर मी विटांची भट्टी घेतली. झटकन निवली की काच तडकते, मी तोडलेलं बाबांचं वाक्य हेच असणार. काच वितळली की बटण बंद करायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, एवढंच. पहिलं पेंडंट अख्खं निघालं. ते मी बाबांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, उजेडाकडे धरलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले. आवाज शेवटी वर चढला, म्हणजे प्रश्नच होता.

"हो बाबा, सावकाश निवू दिली."

त्यांनी मान हलवली. ते नाही.

"विटेचीच घेतली, बाबा."

तेही नाही. मी आणखी चार-पाच गोष्टी सांगून पाहिल्या. शेवटी ते थकले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांना काय विचारायचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.