बोलेल, असं मी म्हणालो

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो माझ्या थोरल्या वहिनीचा. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो, आणि त्याच वर्षी वहिनी आमच्या केंदूरच्या घरात नांदायला आली. पुढे हायस्कूलसाठी मी शिरूरला खोली घेऊन राहिलो, तेव्हा भाकरीचा डबा ती रोज सकाळच्या एसटीने पाठवायची. स्टँडवर डबा हातात देताना कंडक्टर म्हणायचा, "घे, तुझ्या आईनं पाठवलाय." मी त्याला कधी दुरुस्त केलं नाही. सुट्टीत घरी गेलो की चुलीपाशी बसून मी मोठ्याने धडा वाचायचो. भाकरी थापता थापता ती विचारायची, "हे कंचं अक्षर, भावजी?" चुलीपुढच्या राखेत मी ते गिरवून दाखवायचो. अशी ती वाचायला शिकली.

आम्ही बौद्ध झालो तेव्हा दादाने, माझ्या थोरल्या भावाने, देव्हाऱ्यातले टाक ओढ्यात सोडले. नवस, गंडा, अंगारा काही घरात राहिलं नाही. अडलं तर शिकलेल्याला विचारायचं, एवढा नियम दादाने घालून दिला. आणि आमच्या घरात, नव्हे आमच्या सगळ्या वस्तीत, शिकलेला म्हणजे मी. बी.ए. होऊन दौंडला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून लागलो, तर लोक मला तापाच्या गोळ्यांपासून सातबाऱ्यापर्यंत सगळं विचारायला लागले. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकतो.

वहिनीला मूल फार उशिरा झालं. मुलगा. वेळेवर बसला, वर्षाच्या आत चालायला लागला, कोंबड्यांमागे पळू लागला. फक्त बोलेना. दोन वर्षं उलटली तरी तोंडातून 'आई' नाही की 'पाणी' नाही. हवं ते बोटाने दाखवायचा, नाही मिळालं की किंचाळायचा. मी मे महिन्यात गावी गेलो, तेव्हा शेजारची म्हातारी ओट्यावर बसून वहिनीला उपाय सांगत होती.

"पोपटानं उष्टावल्याला पेरू चार त्याला. न्हाईतर देवीला चांदीची जीभ वाहा. माझ्या नातीला तसंच बोलणं आलं."

"तुझी नात आता गप बसती का कवा?" दादा म्हणाला. "केवढी जीभ वाहिली हुतीस?"

म्हातारी हसली, पण हटली नाही. "हस बाबा, हस. पोरगं मुकं राहिलं म्हंजी काय करशील?"

"आपल्यात नवस न्हाई, आज्जे. आपल्यात ग्रॅज्युएट हाय." दादाने माझ्याकडे हनुवटी केली. "इचार त्याला."

सगळे माझ्याकडे बघू लागले. भांडी घासणारे वहिनीचे हात थांबले. बी.ए.ला माझे विषय मराठी आणि इतिहास. लहान मुलं कधी बोलतात, का बोलत नाहीत, याबद्दल मी एक ओळही वाचलेली नव्हती. पण 'मला ठाऊक नाही' हे मला त्या ओट्यावर म्हणता आलं नाही.

"बोलेल," मी म्हणालो. "काही मुलं उशिरा बोलतात."

त्या दिवशी वहिनीने माझ्यासाठी मुद्दाम मासवड्या केल्या.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. ती चार-पाच महिन्यांची असताना वहिनी मुलाला घेऊन, शिरूरला गाडी बदलून, तिला बघायला दौंडला आली. आमचं क्वार्टर यार्डाला लागूनच. दुपारी चहा चालला होता. शंटिंगचं इंजिन खिडकीबाहेर येऊन उभं राहिलं आणि त्याने लांब शिट्टी दिली. पाळण्यातली मुलगी दचकून रडायला लागली. वहिनीच्या हातातला चहा बशीत सांडला. तिचा मुलगा आमच्याकडे पाठ करून काड्यापेट्यांची आगगाडी लावत बसला होता. त्याची मान वळली नाही. पुन्हा शिट्टी झाली. तो डब्याला डबा जोडत राहिला.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मला कळलं. आजवर सगळे त्याच्या तोंडाकडेच बघत होते. त्याला ऐकू येतं का, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

"लई गुंग असतो खेळात," वहिनी कौतुकाने म्हणाली. मग थोडं थांबून तिने विचारलं, "भावजी, बोलंल ना हो?"

"बोलेल की."

गावी हे म्हणालो तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत होतं.

ती परत गेल्यावर बायकोने विचारलं, "का नाही सांगितलंत?"

"कोणत्या तोंडानं सांगू? तिच्या भाकऱ्या खाऊन शिकलोय मी."

"मग त्याच तोंडानं सांगायचं."

मी उद्यावर ढकलत राहिलो. रेल्वेच्या डॉक्टरांना सहज म्हणून विचारलं. ते म्हणाले, "कानाचं असेल तर लवकर दाखवा. बोलायला शिकायचं वय हातचं निघून जातं." तरी मी सुगी होऊ दे म्हणालो. मग म्हणालो, प्रत्यक्ष गेल्यावरच सांगू. गेलो मात्र नाही. इकडे माझी मुलगी हाक मारली की वळायला लागली, चमचा पडला की बघायला लागली, एक दिवस 'बाबा' म्हणाली. बायको हसली. मी मुलीला उचललं आणि का कोण जाणे, खिडकी लावून घेतली.

मग वहिनीचं कार्ड आलं. तिच्याच हातचं, वेडंवाकडं. 'माहेरचे देवरुशाकडं चला म्हनत्यात. मी न्हाई म्हनले. भावजी सांगून गेलेत ते मला बास हाय. बाळी कशी हाय.'

जेवणाच्या सुट्टीत मालधक्क्यावर पोत्यावर बसून मी उत्तर लिहिलं. आधी कच्चं, मग मोठ्या सुट्या अक्षरांत पक्कं. तिला ते कुणाकडे वाचायला न्यावं लागू नये म्हणून. कच्चा कागद अजून माझ्याकडे आहे.

आदरणीय वहिनींस,

सविनय जयभीम.

बाळ बोलेल, असं मी तुम्हाला दोनदा सांगितलं. ते खरं धरू नका. पहिल्यांदा मी न कळता बोललो. दौंडला मला कळलं होतं, तरी तेच बोललो. इंजिनाची शिट्टी झाली तेव्हा तुमच्या हातातला चहा सांडला, पण बाळाने मागे पाहिलं नाही. मला वाटतं, त्याला ऐकू येत नाही. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मधले सगळे महिने माझ्यामुळे वाया गेले.

तुमचं काही चुकलेलं नाही. दादाचंही नाही. देवरुशाकडे नेलं नाहीत हे बरंच केलंत, पण माझ्यावर विसंबलात ते नको होतं. माझ्या पदवीत यातलं काही शिकवलेलं नव्हतं.

मी रजा टाकली आहे. रविवारी गावी येतो. सोमवारी आपण बाळाला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात कानाच्या डॉक्टरांना दाखवू. जे असेल ते त्यांच्या तोंडून ऐकू. भाकरी बांधून घेऊ नका, डबा मी आणीन.

हे वाचून झालं की तुम्ही बाळाच्या पाठीमागे उभ्या राहून त्याला हाक माराल, हे मला माहीत आहे. एकट्या असताना मारू नका. दादाला रानातून घरी येऊ द्या.

तुमचा धाकटा दीर