कवडीबाचा छापखाना

बाबालाल गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आरशासमोर उभा राहून जरीकाठी फेटा बांधून घेत होतो. स्टेशनाजवळच्या नव्या पेठेत एका गुळाच्या अडत्याकडे जेवण होतं. निरोप घेऊन आलेल्याला मी म्हणालो, "हो पुढं, आलोच." आणि गेलो नाही... म्हणजे गेलो, पण जेवायला. मनाशी म्हटलं, मयत काही इतक्यात उचलत नाहीत, आणि बोलावल्या घरी पान रिकामं ठेवणं बरं दिसत नाही. जेवून, विडा खाऊन, टांगा करून त्याच्या दारात उतरलो तर माणसं माती देऊन परतलीसुद्धा होती. त्याची बायको हलिमाभाभी दाराआडूनच म्हणाली, "उशीर केलासा, भावजी." माझं तोंड विड्यानं रंगलेलं होतं. ते उपरण्यानं झाकून मी तिथंच पायरीवर बसून राहिलो.

या पुरवणीच्या वाचकांना बाबालालचं नाव ठाऊक असण्याचं कारण नाही, पण त्यांनी गेली कित्येक वर्षं वाचलेला बराचसा मजकूर त्याच्या बोटांतून गेलेला आहे. तो जुळारी होता. शिशाचे खिळे खणांतून एकेक उचलायचे, उलटी अक्षरं डोळ्यांनी सुलटी वाचायची आणि ओळीला ओळ जुळवायची, हे त्याचं काम. त्याचा बाप पुस्तकं बांधायचा, माझे वडील दरबारात साधे कारकून. आम्ही दोघं एकाच वर्षी या छापखान्यात जुळारी म्हणून लागलो आणि शेजारीशेजारी उभं राहून एकच स्वप्न बघू लागलो. आमच्या संस्थानात महाराजांच्या कारकिर्दीत शाळा निघाल्या, वसतिगृहं निघाली, गुळाची पेठ वसली, कुस्त्यांच्या मैदानांच्या जाहिराती निघू लागल्या. जो तो काही ना काही छापून मागू लागला. पायानं चालवायचं एखादं जुनं यंत्र जरी स्वतःचं असलं, तरी माणसाला दुसऱ्याच्या खिळ्यांना हात लावायची गरज राहणार नाही, कुणाला रजा मागावी लागणार नाही, असं आम्हाला वाटायचं. स्वप्न एक होतं, पण वाटा अगदी उलट्या होत्या.

त्याची वाट वाचवायची. घरातून छापखान्यापर्यंत तो वहाणा हातात घेऊन चालत यायचा आणि उंबऱ्याशी पायात घालायचा. विचारलं तर म्हणायचा, "वहाणेचा तळ झिजतोय, पायाचा न्हाय." दुपारी चटणी-भाकरी. संध्याकाळी गवळी कट्ट्यावर म्हशी आणून समोर धार काढून द्यायचे, तिथं मी चारचौघांना पेल्यावर पेले पाजायचो आणि हा नळावर पाणी पिऊन यायचा. "मला दूध सोसत न्हाय," म्हणायचा. खोटं होतं ते. माझी वाट ऐटीची. रेशमी फेटा, कानात अत्तराचा फाया, दहा मिनिटांच्या वाटेला टांगा. माझं म्हणणं असं, की लोक माणसाकडे बघून काम देतात; फाटक्या सदऱ्याच्या माणसाकडे लग्नपत्रिका छापायला कोण टाकणार? त्यावर तो शांतपणे म्हणायचा, "पत्रिका यंत्र छापतंय दत्तोबा, सदरा न्हाय."

एका सोमवारी तो कधी नव्हे तो खुशीत आला. हातकणंगल्याला एका गृहस्थांकडे एक जुनं यंत्र विकायचं होतं. हा रविवारी चालत जाऊन ते बघून आला होता, शब्दही देऊन आला होता. दिवाळीपर्यंत पैसे पुरे होणार होते. "चाक फिरवून बघितलं," तो म्हणाला, "आवाज कसला म्हणतोस... लोण्यागत!" आणि मग जरा लाजून, "तू माझ्याकडं येशील न्हवं? दोघं मिळून चालवू." मी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्या पोटात दुखलं. मी इतकी वर्षं ऐट केली आणि माझ्याकडे फेट्यांशिवाय काही नव्हतं. हा अनवाणी चालत चालत पोचला होता, आणि वर मलाच नोकरी देत होता.

आमच्या साप्ताहिकात तेव्हा एक विनोदी सदर असायचं, टोपणनावानं लिहिलेलं. ते लिहिणारा आजारी होता आणि मालकांनी मला विचारलं, जमेल का. मी त्याच आठवड्यात लिहून दिलं. लेखाचं नाव होतं 'कवडीबा'. हा कवडीबा वहाणा हातात घेऊन चालतो, दुसऱ्याच्या घरच्या मटणाच्या वासावर भाकरी खातो, अर्धी भाकरी दुपारी खाऊन अर्धी संध्याकाळसाठी फडक्यात बांधून ठेवतो, म्हशीला बघूनच त्याचं दूध पिऊन होतं... असं बरंच काही. लिहिताना मला मजा आली, हे कबूल करतो. सदराचा मजकूर नेहमी दुसरा एक जुळारी लावायचा. त्या दिवशी तो आला नव्हता, म्हणून मालकांनी माझे कागद सरळ बाबालालसमोर ठेवले.

मला सांगता आलं असतं, की आण, मीच लावतो. सांगितलं नाही. शेजारी उभा राहून बघत बसलो. तो नेहमीच्याच वेगानं खिळे उचलत होता. वहाणांची ओळ लागली, मटणाची लागली. मग त्याचा हात थांबला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "हितं एक चुकलंय बघ."

"काय?"

"अर्धी भाकरी बांधून ठेवतो, असं लिव्हलंयस. बांधून कुठं ठेवतो? ती तूच खातोस की."

खरं होतं. महिन्याची वीस तारीख उलटली की माझा खिसा रिकामा व्हायचा, आणि मग दुपारी बाबालाल काही न बोलता फडकं माझ्याकडे सरकवायचा. वर्षानुवर्षं. मला त्याचं इतकं अंगवळणी पडलं होतं, की लिहिताना आठवलंसुद्धा नाही. मी कसाबसा हसलो आणि म्हणालो, "अरे, गमतीचं आहे ते. तुला वाटलं तर बदल." तो म्हणाला, "बदलायचं काम आपलं न्हाय. लिव्हलंय तसं लावायचं." आणि त्यानं ते लिहिल्यासारखंच लावलं. पूर्ण लेखात एक चूक निघाली नाही.

अंक निघाला आणि पेठ हसली. मालक खूश झाले, सदर कायमचं माझ्याकडे आलं, पगार वाढला. बाबालालला मात्र त्या आठवड्यापासून दुसरं नाव मिळालं. कुठल्याही दुकानापुढून गेला, की कुणीतरी म्हणायचं, "काय कवडीबा, पाय झिजलं न्हाईत न्हवं?" लिहिणारा कोण हे लोकांना ठाऊक नव्हतं, ठाऊक होतं ते फक्त मालकांना आणि त्याला. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.

पुढच्याच महिन्यात त्याच्या लेकीची, जैतूनची सोयरीक ठरली. पाहुणे शिरोळकडचे, ऊसवाले. बोलणी चालू असताना त्यांच्यातला एक म्हातारा सगळ्यांदेखत हसत म्हणाला, "जेवाण घालनार न्हवं, पावणं? का वासावरच भागवायचं?" बैठकीत हशा पिकला. मीही तिथं होतो. बाबालाल म्हणाला, "घालनार की. गाव जेवंल."

त्या रात्री त्यानं मला विचारलं, "काय करू, दत्तोबा?" एवढंच. तेव्हा जर मी म्हणालो असतो, की गप्प बस, चार माणसांत निकाह लाव, हसतात त्यांना हसू दे, तू यंत्र घे... तर त्यानं ऐकलं असतं. तो माझं ऐकायचा. पण एकदा का मी तसं म्हणालो असतो, की माझ्याच लेखानं काय केलं तेही बोलावं लागलं असतं. म्हणून मी म्हणालो, "अरे, एकुलती एक लेक. दाखव त्यांना एकदा." आणि पुढं सगळं मीच ठरवलं. मटणाचा आचारी मी ठरवला, हिंदू पाहुण्यांसाठी वेगळी चूल आणि बुंदीचे लाडू मी सांगितले, बँडही मीच आणला. दुसऱ्याच्या पैशानं खर्च करायला मला फार छान जमतं. तीन पंगती उठल्या. बाबालाल सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसला आणि मला म्हणाला, "आता न्हाय म्हणनार न्हवं कवडीबा?" नाव काही सुटलं नाही. लोक आता म्हणायला लागले, कवडीबानं काय जेवण घातलं!

दिवाळी आली तेव्हा यंत्रासाठी साठवलेल्यातलं काही उरलं नव्हतं. तो पुन्हा वहाणा हातात घेऊन यायला लागला, पण आता वय गेलं होतं आणि शिशाची धूळ छातीत बसली होती. मी सदरावरून संपादकाच्या मदतनिसाच्या खुर्चीवर गेलो, तो खणांपुढे उभाच राहिला. माझे लेख तो लावायचा, मी त्याला कधी काही बोललो नाही. शेवटच्या आजारात भेटायला गेलो तो डाळिंबांची भली मोठी करंडी घेऊन. म्हणायला गेलो होतो की बाबालाल, माझं चुकलं. त्यानं करंडीकडे बघितलं आणि खोकत खोकत म्हणाला, "एवढं कशाला रं? दोन आणली असतीस तरी चाललं असतं." मी पावसापाण्याचं बोललो आणि उठलो.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला भाभीनं दाराआडून सांगितलं, "हातकणंगल्याला कुणीतरी सांगाय पायजे. त्ये यंत्रवाले वाट बघत असतील." मला काही कळेना. यंत्राची गोष्ट तर कधीच संपली होती. तरी आगगाडीनं गेलो. त्या गृहस्थांनी यंत्र विकलं नव्हतं. बाबालालचा व्यवहार मोडल्यावर स्वतःच त्यावर पावत्या छापायला सुरुवात केली होती. बाबालाल गेल्याचं सांगितल्यावर त्यांनी हातातला पावत्यांचा गठ्ठा खाली ठेवला.

"वर्सातनं दोनदा यायचं की," ते म्हणाले. "चालत. सगळं यंत्र पुसायचं, त्याल घालायचं, चाक फिरवून आवाज ऐकायचं आन् जायचं. म्हणलं, बाबालालभाई, पैसं तरी घ्या. तर न्हाय. म्हणायचं, दुसऱ्याचं असलं म्हणून काय झालं, गंजाय देऊ न्हाय."

मी विचारलं, "यंत्र का सोडलं, ते कधी बोलले?"

"बोलले की. लेकीच्या लग्नात हौस केली म्हणं. माझा एक दोस्त हाय दत्तोबा, त्यानं हात जोडून सांगितलं हुतं, येवढा खर्च करू नगंस, यंत्र घे. मीच त्याचं ऐकलं न्हाय, म्हणायचं." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "पावणं, तुमीच न्हवं ते दत्तोबा?"

मी म्हणालो, "व्हय."

त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. आत हाक मारून गूळ-पाणी आणवलं. असा दोस्त नशिबानं मिळतो, म्हणाले. मी गुळाचा खडा तोंडात टाकला, वर पाणी प्यालो, आणि यंत्राकडे बघत बसलो. त्याचं चाक अजून चकचकीत होतं.

हा अंक हातकणंगल्याला जातो. ते गृहस्थ वाचतील. मी हात जोडले नव्हते. कवडीबा मी लिहिला.