लेखकाने दुसरा उद्योग बघावा

हाताची कणीक न धुता मी वाचनालयाकडे धावले, त्या दिवशी मला एक चिठ्ठी चोरायची होती. चिठ्ठी माझीच, माझ्याच अक्षरातली, एका विनोदी कादंबरीच्या पुठ्ठ्याआड डकवलेली. आमच्या ह्यांच्या नजरेला पडायच्या आत ती मला काढून घ्यायची होती. का, ते सांगते. पण आधी माझी खोड सांगायला हवी.

कर्वेनगरात आमच्या सोसायटीसमोरच्या गाळ्यात एक वाचनालय होतं. मालकांनी तिथं एक पद्धत पाडली होती. पुस्तक परत करताना वाचकानं दोन-तीन ओळींचं मत लिहून द्यायचं, ते ती चिठ्ठी खळीनं आतल्या बाजूला चिकटवायचे. लोक आपले "छान आहे", "एकदा वाचायला हरकत नाही" असं लिहीत. मला नाही जमायचं तसं. मी सही करत नसे, पण माझं अक्षर आणि माझी जीभ दोन्ही सगळ्यांना ठाऊक होती. माझी चिठ्ठी वाचून मगच पुस्तक नेणारे लोक होते, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता.

त्या महिन्यात मी दोन रहस्यकथा वाचल्या होत्या. एकीत खुनी शेवटून दुसऱ्या प्रकरणात प्रथमच रिक्षातून उतरतो. मी लिहिलं, "खुन्याला यायला उशीर झाला. तोवर आम्ही काय करत बसायचं?" दुसरीत सॉफ्टवेअर कंपनीच्या बंद खोलीत प्रेत सापडतं आणि मधुमेही गुप्तहेर पानोपानी जिलबी खातो. मी लिहिलं, "खुनापेक्षा गुप्तहेराच्या साखरेची काळजी वाटली." तरी रहस्यकथेला मी शेवटपर्यंत साथ देते. चाळिसाव्या पानापर्यंत खुनी ओळखायचा, त्याचं नाव स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी लिहून ठेवायचं, आणि शेवटी बरोबर आलं की ह्यांना बोलावून दाखवायचं, हा माझा रिवाज.

विनोदी कादंबरीला मात्र साठ पानं. साठ पानांत हसू आलं नाही तर पुस्तक बंद. पात्रं एकमेकांच्या अंगावर चहा सांडतात आणि स्वतःच खो खो हसतात, असल्या विनोदाचा मला भारी राग आहे. त्या नव्या कादंबरीत पहिल्या वीस पानांतच दोनदा चहा सांडला होता. लेखकाचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं. मी साठ पानं मोजून वाचली आणि लिहिलं: "मुखपृष्ठावर विनोदी असं छापलं ते बरं केलं, नाहीतर कळलं नसतं. लेखकाने दुसरा उद्योग बघावा."

आता आमच्या ह्यांच्याविषयी. हे चिंचवडला एका कारखान्यात होते. बाहेरचा माल येऊ लागला, नवी यंत्रं आली, आणि एक दिवस स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढ्यात आला. त्यात स्वेच्छा कुणाची होती ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्याच वर्षी मुलगा हिंजवडीला लागला. साडेसातला कोपऱ्यावर त्याच्या कंपनीची बस यायची. हे दाढी, आंघोळ उरकून इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत उभे राहायचे. बस गेली की आत येऊन शर्ट काढायचे आणि घडी घालून ठेवायचे. वर्षभर हे चाललं होतं. धड जेवण नाही, धड बोलणं नाही. माझा जीव तुटायचा.

मग कधीतरी ते जरा सुधारले. दुपारचे फूलस्केप कागद घेऊन बसायचे, विचारलं तर म्हणायचे, जुने हिशेब लावतोय. मिक्सर दुरुस्तीला म्हणून एका महिन्यात तीनदा बुधवार पेठेत गेले. मिक्सर होता तसाच बोंबलत होता. खुनी चाळीस पानांत ओळखणाऱ्या मला तो मिक्सर काही ऐकू आला नाही.

बुधवारी सकाळी मी कणीक मळत होते आणि शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या. म्हणाल्या, "अहो, ती चहा सांडणारी कादंबरी मी वाचली हो. तुमची चिठ्ठी पाहून ठेवूनच देणार होते. पण पुढं फार मजा आहे. त्यातली बायको रहस्यकथा वाचते आणि खुन्याचं नाव कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या खाड्यांशेजारी. सुचतं तरी कसं लोकांना."

मी वर पाहिलं. कॅलेंडर समोरच होतं. पंधरा तारखेला अर्धा लिटर जास्त आणि त्याच्या खाली माझ्या अक्षरात "मेहुणा".

कागद, मिक्सरच्या नावाखाली बुधवार पेठेतल्या प्रकाशकाकडे खेपा, परक्या नावाचा लेखक, सगळं एका क्षणात जुळलं. कादंबरी ह्यांनीच टोपणनावानं लिहिली होती. वहिनींनी पुस्तक शनिवारीच परत केलं होतं. हे वाचनालयात रोज संध्याकाळी पेपर चाळायला जात. आपलं पुस्तक कुणी नेलं का, हे बघायलाच जात असणार, ते आत्ता कळलं. एकदा पुठ्ठा उघडला की संपलं. ज्या माणसाच्या हातून कामच काढून घेतलं होतं, त्याला मी दुसरा उद्योग बघायला सांगितलं होतं. पुन्हा तो शर्ट, ती गॅलरी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. वहिनींना तिथंच सोडून मी निघाले.

मालक नुकतंच शटर वर करत होते. मी पुस्तकाचं नाव सांगितलं. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "वहिनी, पुस्तक कुठं पळून चाललंय का? कणीक धुऊन आला असतात तरी चाललं असतं." मग त्यांनी वही उघडली, बोट खाली खाली नेलं आणि थांबवलं. "हे तर तुमच्याच खात्यावर आहे. साहेब घेऊन गेले, रविवारी."

रविवारी. म्हणजे सोमवारी सकाळी त्यांनी मला चहा करून दिला तो हे वाचून. मंगळवारीसुद्धा. वाळलेली कणीक खरवडत मी घरी परतले. जिना चढताना चार वाक्यं जुळवली आणि चारही खोटी वाटली.

हे टेबलाशी बसले होते. "कुठं गेली होतीस?" त्यांनी विचारलं. मी टेबलावरच्या पेपरांच्या गठ्ठ्याखाली हात घातला. पुस्तक तिथंच होतं. हे पटकन म्हणाले, "नको. साठ पानं झालीत तुझी."

मी समोर खुर्ची ओढली आणि एकसष्टावं पान उघडलं. तोंडदेखलं हसायला मला येत नाही, आणि हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक. हे उठले, पाणी प्यायले, परत बसले. एकसष्ट गेलं, बासष्ट गेलं. पासष्टाव्या पानावर पुन्हा एक चहा सांडला तेव्हा मला घाम फुटला. देवा, आता तरी काहीतरी येऊ दे, असं मी मनात म्हणत होते. एकाहत्तराव्या पानावर बायको रहस्यकथेतून मान वर न करता विचारते, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या? नवरा दरवेळी ठामपणे चार सांगतो. त्यानं जन्मात मोजलेल्या नसतात.

मी पुस्तक खाली केलं. "तुम्ही कधीच मोजल्या नाहीत?"

"नाही."

"पंचवीस वर्षं?"

"सव्वीस."

सव्वीस वर्षांची कच्ची तूरडाळ मला एकदम आठवली आणि मी जी हसत सुटले ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हे माझ्याकडे निरखून बघत होते. "कीव करून हसतेस का?"

"ते मला येत नाही. आणि तो चहा काढा आधी सगळा. तीनदा सांडलाय."

पुस्तक मी त्याच दुपारी संपवलं. शेवट घाईचा होता, तेही सांगितलं. मग दुधाच्या पिशवीखालचा कागद घेऊन नवी चिठ्ठी लिहिली: "आधीची चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईने पुस्तक अर्धेच वाचले होते. हसू एकाहत्तराव्या पानावर येते. तिने दुसरा उद्योग बघावा."

चिठ्ठी ह्यांच्यापुढं सरकवली. त्यांनी ती दोनदा वाचली. खिशातलं पेन काढलं आणि शेवटचं वाक्य नीट आडवी रेघ मारून खोडलं.

"हे नको," ते म्हणाले. "हे फार लागतं गं."