आमच्या मालकांचा पिझ्झा

आमचे मालक अंकुशराव साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर होते. जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या तोलल्या, घरात पाण्याचा तांब्या उचलून घेतला न्हाई. रिटायर झाले आन् मोबाईलमध्ये बघून पिझ्झा करायला लागले. सत्यानाश!

पिझ्झा म्हणजे काय, तर नागप्पाच्या दुकानातला ब्रेड. त्याला लाल सॉस फासायचा, कांदा-ढोबळी मिरची पसरायची, वर चीज किसायचं, आन् माझ्या भाकरीच्या तव्यावर परात झाकून ठेवायचं. झटपट होतंय म्हणे. होतंय की! खाली कोळसा, वर मिरची कच्ची. बोलायला गेलं की तवाच धड न्हाई म्हणायचे. नाचता येईना, अंगण वाकडं.

"शकू, तुला काय कळतंय यातलं? भाकरी बडवायचा जन्म तुझा."

रोज दुपारी हा तमाशा. मी आपली ठेचा-भाकरी खायची. लेक दीपमाला तेवढी ताटली घेऊन मागल्या दारी जायची आन् रिकामी करून आणायची. "बघ, लेकीला कदर हाय," म्हणून मालक मिशीला पीळ द्यायचे. मला बी वाटायचं, पोरीला आवडत असंल. बापाचीच लेक.

आता आमच्या खटकचिंचोळीत ब्रेड खातंय कोण? तापानं फणफणलेला माणूस, दुधात बुडवून. दवाखान्यात कुणाला बघायला जायचं तर ब्रेड आन् बिस्किटचा पुडा न्यायचा. हे शेंबड्या पोराला ठावं हाय, काट्यावरच्या शहाण्याला न्हाई.

अशात दीपमालाला भालकीचं स्थळ आलं. पोरगा शिवप्रसाद, खताचं दुकान. बघाबघी झाली. आधी आलेल्या समद्यांना नाक मुरडणारी पोरगी, यावेळी सारखी मलाच विचारायची, "आई, भालकीहून फोन आला का गं?" माझा जीव तिच्यात अडकलेला.

फोन येणार कुठून? त्या लोकांनी गुपचूप नागप्पाकडं चौकशी केली. नागप्पा म्हणाला, "माणसं चांगली हायती, अण्णा. फकस्त ब्रेड रोज नेतेत." झालं! घरात कुणीतरी झोपून हाय, कोण जाणे पोरगीच आजारी असंल, असं भालकीत पसरलं.

"आवं, आता तरी ब्रेड बंद करा," मी हात जोडले.

"अडाण्यांसाठी मी कामून बंद करू?"

असला बाप! पोरगी आत तोंड लपवून रडायली, आन् हे चीज किसायलेत.

मग एका दुपारी पोराची आई, विजयश्रीबाई, स्वतःच आल्या. हातात पिशवी. दारातच विचारलं, "कोण आजारी हाय वो? म्हणलं, एकदा डोळ्यानं बघावं." पिशवीतनं ब्रेड आन् बिस्किटचा पुडा काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला. धरणी फाटावी आन् मी आत जावं, असं झालं मला.

"कोणच न्हाई वो आजारी," मी म्हणलं. "बसा, फोडणीचा सुशीला करते, चुरमुरे भिजवलेतच."

तेवढ्यात मालक आले. ब्रेड बघून त्यांचं तोंड फुललं. "सुशीला ठेव बाजूला! पाहुणीनं आठवणीनं ब्रेड आणलाय. बसा बाई, ब्रेड कशाला लागतो ते दावतो तुम्हाला." मी डोळे वटारले. कोण बघतंय? तव्याला चटका, घरभर धूर, आन् ताटली पाहुणीपुढं.

बाईंनी एक घास घेतला. चावला. गिळला कसाबसा. मग दाराआडच्या दीपमालाला जवळ बोलावलं. "तू रोज हेच खातीस व्हय बाळ? म्हणून अशी वाळलीस?"

व्हय म्हणावं तर पोरगी दुखणाईत ठरायली, न्हाई म्हणावं तर बापाची अब्रू जायली, ती बी पाहुणीपुढं. मालक कौतुकानं लेकीकडं बघायलेत.

दीपमालानं मान खाली घातली. "न्हाई, मावशी. मी भाकरीच खाते. हे रोज म्हशीला घालते."

आता ह्या बाई उठतात आन् जातात, असंच वाटलं मला. उठल्या बी. ताटली मात्र उचलून घेतली आन् दीपमालाचा हात धरला.

"चल, मला दाव तुझी म्हैस."

दोघी मागल्या दारी गेल्या. जरा वेळानं गोठ्यातनं हसायचा आवाज आला, दोघींचा. किती दिवसांनी हसली माझी लेक! मी पदरानं डोळे पुसले. आता भालकीचा फोन येणार होता.

मालक तव्यापाशी उलथनं धरून उभेच होते. वाटलं, आज तरी हा माणूस खाली बघंल.

"तरीच म्हणलं," ते मिशीला पीळ देत म्हणाले, "म्हशीचं दूध एवढं घट्ट कामून यायलंय!"