बिनदुधाचा कप

साळूबाईच्या जिभेला हाड नव्हतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक. पण पाठच्या भावाचं, कडूबाचं नाव त्या जिभेनं कित्येक वर्षांत काढलं नव्हतं. आणि भांडण तरी कशाचं? साळूबाईच्या लेकीचं लग्न होतं. मामा म्हणून नवरीच्या पाठीशी उभं राहायचा मान कडूबाचा. त्याची जीप गंगापूरच्या अलीकडं बंद पडली, इकडं मुहूर्त टळायला लागला, तर या बाईनं रागाच्या भरात चुलतभावाला उभं केलं. कडूबा घामाघूम होऊन मांडवात पोचला, तेव्हा ही चारचौघांत म्हणाली, "मामाची जागा भरली. जेवून जा." तो न जेवता गेला. चूक कुणाची, हे शेंबडं पोरही सांगेल. साळूबाईलाही माहीत होतं, म्हणून तर ती जास्तच ताठ.

आणि काल रात्री कळलं, कडूबाला छातीत दुखायला लागलं म्हणून संभाजीनगरच्या दवाखान्यात ठेवलंय. मग कसली झोप अन् कसलं काय! सकाळच्या पहिल्या जीपनं ती संभाजीनगरात, छावणी भागात राहणाऱ्या मुलाच्या दारात हजर. हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी. "पीठ द्यायला आले व्हते," म्हणाली. कुणी विचारलंही नव्हतं.

मुलगा बद्रीनाथ शेंद्र्याला कंपनीत कामाला. एरवी आई आली की आरडाओरडा करत पुढं येणारा हा गडी आज चाचरला. सून शिवकन्या पाया पडली आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

"आई, बस आधी," बद्रीनाथ हळूच म्हणाला. "तुला एक सांगायचंय. पण आधी कायतरी पी."

साळूबाईनं पिशवी खाली ठेवली, पण बसली नाही.

ओट्यावर एक उभट काचेचं भांडं होतं. कंपनीतल्या साहेबाचं बघून बद्रीनाथनं हे खूळ घरात आणलेलं. शिवकन्येनं त्यात कॉफीची जाडसर पूड टाकली, वरून कढत पाणी ओतलं, दांडा असलेलं झाकण बसवलं आणि दोघं खाली मान घालून त्या भांड्यापाशी उभी राहिली. ढवळणं नाही, उकळी नाही, तोंडातून शब्द नाही. चुलीवर चहा असला की साळूबाईच्या घरात कसा गलका असायचा! मग बद्रीनाथनं दांडा सावकाश खाली दाबला, चोथा जाळीखाली गेला आणि कपात काळंभोर पाणी उतरलं. सुनेनं कप पुढं केला.

दूध नाही.

आता त्यांच्याकडची रीत अशी, की मयताच्या घरी चहात दूध घालत नाहीत. माणसं माती देऊन परतली की शेजारीपाजारी कोरा चहा आणून हातात देतात. साळूबाईनं असे कप कितीतरी घरी स्वतः नेले होते. तिनं तो कप बघितला, लोटलेलं दार बघितलं, सुनेची पडलेली मान बघितली. कप जमिनीवर ठेवून ती तिथंच बसली आणि तिनं हंबरडा फोडला.

"गेला व्हय रं माझा कडूबाऽऽ! मांडवातून उपाशी गेला रं माझा भाऊ! तुझी जागा म्या दुसऱ्याला दिली! चूक माझी व्हती, माझीच व्हती, पर या मेल्या जिभेला बोलता आलं नाय रंऽऽ!"

"आई, अगं आई!" बद्रीनाथ ओरडत होता, पण ऐकतंय कोण! शिवकन्या रडकुंडीला आली. "अहो आई, दूध नासलं म्हणून कोरी दिली हो!"

तेवढ्यात आतलं दार उघडलं. दारात बनियनवर कडूबा उभा. हाताला अजून सुईची पट्टी. कालच दवाखान्यातून सोडलं होतं आणि भाच्यानं त्याला घरी आणलं होतं. मामा आत आहे हे कळलं तर आई उंबऱ्यातूनच माघारी फिरेल, या धास्तीनं नवराबायको शब्द जुळवत बसली होती.

साळूबाईचं तोंड उघडं ते उघडंच. मग ती एकदम कडाडली, "मेल्या! जित्ता हाईस व्हय!"

"हाय की, आक्के," कडूबा भिंत धरत धरत येऊन तिच्याशेजारी बसला. त्याचेही डोळे भरले होते. "अजून रडायचं राहिलं आसंल तर रडून घे. आतून समदं ऐकू येत व्हतं."

कडूबानं हात लांबवून तो जमिनीवरचा कप उचलला. ओठाला लावणार, तोच साळूबाईनं हिसकावून घेतला. निम्मी कॉफी तिच्याच लुगड्यावर सांडली.

"ठिव ते! कोरं प्यायचं तर मी मेल्यावर पी," ती म्हणाली. "बद्री, दूध आन रं. मामा उपाशी हाय."

बद्रीनाथ तसाच पळत जिना उतरला. खाली रस्त्यावर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, पायात चपला नव्हत्या.